बॉक्स ब्लेड की साधं पातं? मिनी ट्रॅक्टरवाल्यांसाठी
द्राक्षबागेसाठी घेतलेल्या २४-२५ एचपीच्या ट्रॅक्टरला माती ओढायला-सपाट करायला मागे काय जोडायचं, यावर आमच्या पारावर नेहमी वाद. साधं पातं, म्हणजे टेरेसिंग ब्लेड, तिरकं फिरवता येतं. बांधाकडेची चारी काढायची, रस्त्याचं पाणी एका अंगाला उतरवायचं, तर तेच बरं. पण उंचवट्याची माती ओढून खड्ड्यात न्यायला गेलात की निम्मी वाटेतच सांडते.

बॉक्स ब्लेडला दोन्ही बाजूंनी पत्रे, त्यामुळे माती पेटीत धरून राहते. शिवाय पुढे दाते. खरी गंमत टॉप लिंकमध्ये, म्हणजे अवजार ट्रॅक्टरला वरून जोडणाऱ्या, लांबी कमी-जास्त होणाऱ्या दांड्यात: थोडी आवळून आखूड केली की दाते मुरमात घुसतात, लांब केली की मागची धार इस्त्रीसारखी फिरते. टणक मुरमावर हलकं ब्लेड नुसतं उड्या मारतं, म्हणून वजन हवंच. पण अशा ट्रॅक्टरची उचल साधारण ७५० किलो. जड ब्लेड, त्यात ओली माती, की पुढची चाकं हलकी झालीच. पुढे वजनं लावा. आणि रुंदी मागच्या टायरांच्या बाहेरच्या कडांपर्यंत पुरू द्या, नाहीतर चाकोऱ्या तशाच राहतात.

शिवाररस्ता करायचा तर माझं मत बॉक्सला. नुसत्या चाऱ्यांसाठी एवढं लोखंड कशाला ओढायचं?