एनएससीडी आणि एसएसएसडी एकत्र, आठ महिन्यांनंतर: ग्रुपचं शिळं उत्तर

लिनक्सची खाती एलडॅपवर, म्हणजे एका मध्यवर्ती डिरेक्टरी सर्व्हरवर, ठेवणाऱ्यांना ही मांडणी नवी नाही. कोणती माहिती कुठे शोधायची ते सांगणाऱ्या एनएसस्विचच्या फाइलमध्ये पासडब्ल्यूडी (खाती) आणि ग्रुपपुढे 'फाइल्स एसएसएस', मागे एलडॅपमधून माहिती आणून साठवणारा एसएसएसडी, आणि जुन्या सवयीने या सगळ्याच्या पुढे अशी उत्तरं स्वतःकडे साठवणारा एनएससीडीही चालू. आठ महिने काही कुरकुर नव्हती. मग एका खात्याला नव्या ग्रुपमध्ये टाकलं आणि दोन तास उलटले तरी सर्व्हरला त्याचा पत्ता नव्हता.

पहिला संशय एसएसएसडीवर गेला, कारण त्याची एंट्री-कॅश, म्हणजे आणलेलं उत्तर साठवून ठेवायची मुदत, 5400 सेकंदांची असते. पण तेवढ्याने दीड तासच होतो. उरलेला वेळ एनएससीडीचा. त्याच्या नेहमीच्या कॉन्फिगमध्ये पासडब्ल्यूडीची नोंद 600 सेकंद टिकते, ग्रुपची मात्र 3600. एसएसएसडीची नोंद शिळी होण्याच्या जरा आधी एनएससीडीने तिची नक्कल घेतली, तर तेच जुनं उत्तर आणखी तासभर चालतं. म्हणजे अडीच तासांपर्यंत. दोन कॅश एकावर एक रचल्या की वेळांची बेरीज होते, आणि या जोडीचा मला सर्वांत खटकणारा दोष हाच.

लोकल फाइलवर चाचणी केली तर हा दोष दिसतच नाही. एनएससीडी /इटीसी/ग्रुपवर नजर ठेवतो, फाइल बदलली की कॅश टाकून देतो. एलडॅपमधला बदल त्याला कळायला मार्ग नाही.

दोषी कोण ते दोन कमांडमध्ये कळतं. आधी एनएसस्विचमार्फत नोंद विचारणारी 'गेटएन्ट ग्रुप' आणि ग्रुपचं नाव. मग तेच '-एस एसएसएस' लावून. सर्व्हिस अशी हाताने सांगितली की जीलिबसी (सिस्टिमची मूळ सी लायब्ररी) एनएससीडीला वगळून थेट एसएसएसडीला विचारते. उत्तरं वेगळी आली तर एनएससीडी, दोन्ही जुनीच आली तर एसएसएसडी. साफ करताना क्रम पाळा: आधी 'एसएसएस_कॅश -ई' (कॅपिटल ई), नंतर 'एनएससीडी -आय ग्रुप'. उलट केलं तर एनएससीडी जुनीच नोंद पुन्हा उचलू शकतो. एसएसएसडीच्या डेटाबेस फाइली पुसायच्या फंदात पडू नका. ऑफलाइन लॉगिनसाठी साठवलेले पासवर्डचे हॅशही त्यांच्यासोबत जातात.

एंट्री-कॅशची वेळ 300 वर आणावी असं आधी माझं मत होतं. ते बदललं. त्याने एलडॅप सर्व्हरवरचा भार वाढतो आणि एनएससीडीचा तास तसाच राहतो. खरा उपाय एनएससीडीच्या कॉन्फिगमध्ये आहे: पासडब्ल्यूडी, ग्रुप, नेटग्रुप आणि सर्व्हिसेस या चौघांचं 'एनेबल-कॅश' 'नो' करा, होस्ट्सचं (मशीनची नावं आणि पत्ते) 'येस' राहू द्या. होस्ट्ससाठी एनएससीडी अजूनही कामाचा आहे, तेच नाव सतत विचारणाऱ्या प्रोग्रॅमना त्याचा फायदा होतो. फक्त तो तपासताना डिग वापरू नका. डिग थेट डीएनएसला विचारतो, एनएसस्विच आणि होस्ट्सची फाइल दोन्ही वगळतो. 'गेटएन्ट एहोस्ट्स' वापरा.

एनएससीडी आणि एसएसएसडी हे दोघे एकाच डेटाबेसची कॅश करताहेत असा इशारा एसएसएसडी सुरू होताना लॉगमध्ये देतो. तो तिथे पहिल्या दिवसापासून होता.

एवढं करूनही चालू सेशनमध्ये नुसती 'आयडी' कमांड जुनेच ग्रुप दाखवेल, कारण ते लॉगिनच्या वेळी प्रोसेसला चिकटलेले असतात. 'आयडी' पुढे खात्याचं नाव दिलं की नवे दिसतात. नवे ग्रुप लागू व्हायला पुन्हा लॉगिन करावं लागतं, आणि त्या खात्याने चालणारी डीमन (पार्श्वभूमीत चालणारी सेवा) असेल तर ती रिस्टार्ट करावी लागते.