आठ महिने वापरून: एरेटर, ड्युअल फ्लश आणि लाल-निळ्या दांड्या

मुलुंड पूर्वेला चार मजल्यांची जुनी सोसायटी, त्यात आम्ही सगळ्यात वर. 2024 च्या उन्हाळ्यात महापालिकेने 30 मेपासून 5 टक्के आणि 5 जूनपासून 10 टक्के पाणीकपात केली, तेव्हा दहा टक्क्यांनी काय होतंय, असं मला वाटलं होतं. पण टाकी भरते सकाळी, आटते संध्याकाळी, आणि नळ आधी कोरडा पडतो तो आमचा. पाइपात उरलेलं पाणी खालच्यांना तरी मिळतं. त्या वैतागात नोव्हेंबरमध्ये खरेदी केली: चार एरेटर, एक ड्युअल फ्लशची टाकी (पूर्ण आणि अर्ध्या फ्लशची दोन बटणं असलेली) आणि पाणी बंद-चालू करायचे दोन पितळी बॉल व्हॉल्व्ह. शेवटचे दोन पाणी वाचवायला नव्हते, त्यांची गोष्ट खाली सांगते.

आधी एरेटर. नळाच्या तोंडाला बसवायची जाळीची टोपी, तिच्यातून पाण्यात हवा मिसळते आणि धार मऊ, भरीव दिसते. साधा नळ चांगल्या प्रेशरला मिनिटाला 10 ते 15 लिटर सोडतो. मी हौसेने मिनिटाला 3 लिटरवाले घेतले. लिटरचं माप आणि मोबाइलचं स्टॉपवॉच घेऊन बसले, तर आमच्या स्वयंपाकघरात एक लिटर भरायला 40 सेकंद! म्हणजे मिनिटाला दीड लिटर. कुकरमध्ये पाणी घ्यायचं तर गॅस पेटवून वाट बघायची. सासूबाई दोन दिवस काही बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी पिंपातून तांब्याने पाणी घ्यायला लागल्या. तेच एरेटर पहिल्या मजल्यावरच्या काकूंकडे लावून बघितलं, तिथे 20 सेकंदांत लिटर, अगदी पाकिटावर लिहिल्याप्रमाणे.

कारण साधं आहे, पण दुकानदार सांगत नाही. गच्चीवरच्या टाकीतून पाणी निव्वळ उंचीच्या जोरावर येतं, आणि 10 मीटर उंचीला जेमतेम 1 बार प्रेशर मिळतं. आमच्या नळापासून टाकीतल्या पाण्यापर्यंत फार तर पाच मीटर, म्हणजे अर्धा बार. पहिल्या मजल्याला त्याच्या जवळजवळ तिप्पट. बारीक एरेटर खालच्या मजल्यांसाठी आहेत, किंवा जिथे प्रेशर पंप आहे तिथे. आमचा प्लंबर ओडिशातल्या केंद्रापाड्याचा. (मुंबईत प्लंबरला गाव विचारून बघा, बरेच जण तिकडचेच निघतात.) तो हसून म्हणाला, "भाभी, माल अच्छा है, आपके यहाँ प्रेशर नहीं है." शेवटी स्वयंपाकघरात 6 लिटरवाला बसवला. आता 15 सेकंदांत लिटर भरतो आणि भांडी घासताना नळ सुरू राहिला तरी जीव वरखाली होत नाही. बेसिनला मात्र 3 लिटरवालाच ठेवलाय. दात घासायला तेवढं पुरतं.

बाथरूमच्या नळाचा आठवड्यात काढून टाकला. आमच्याकडे आंघोळ बादलीने, आणि 20 लिटरची बादली सावकाश भरली म्हणून 18 लिटरची होत नाही. चौथा एरेटर अजून ड्रॉवरमध्ये आहे.

दुसरा मुद्दा देखभालीचा. उन्हाळ्यात आमच्या सोसायटीला टँकर घ्यावे लागतात. एप्रिल 2025 मध्ये केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या परवानग्यांवरून टँकरवाल्यांनी संप केला, तेव्हा आमची टाकी तळापर्यंत उपसली गेली. पाणी परत आलं ते खोकत, लालसर. मी सरळ स्वयंपाकघरातला नळ सोडला आणि पाच मिनिटांत धार शिवणाच्या दोऱ्याएवढी झाली. एरेटर उघडला तर आत वाळू, सिमेंटचा एक खडा आणि टेफ्लॉन टेपची गुंडाळी. तेव्हापासून पाणी जाऊन आलं की आधी एरेटर हाताने फिरवून काढायचे, दोन बादल्या पाणी सोडायचं (ते फरशीला वापरायचं), मग परत लावायचे. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर धरतो तो व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवला की निघतो. एवढं करायचं नसेल तर एरेटर घेऊ नका.

ड्युअल फ्लशबद्दल थोडक्यात. जुनी टाकी 10 लिटरची, नवी 6 आणि 3 ची. कागदावर मोठी बचत. पण आमचं भांडं जुनं आहे, ते 10 लिटरच्या हिशोबाने बनलेलं, त्यामुळे अर्ध्या बटणात काम होत नाही आणि पाहुणे दोन्ही बटणं एकदम दाबतात. तरी बचत होते, जाहिरातीतल्याइतकी नाही. खरं पाणी जात होतं ते जुन्या टाकीच्या झिजलेल्या रबरातून. टाकीत चिमूटभर जिलबीचा रंग टाकला आणि अर्धा तास कोणाला फ्लश करू दिलं नाही. भांड्यात केशरी ओघळ उतरले! हे नवी टाकी आणायच्या आधी करून बघायला हवं होतं. रबर पन्नास रुपयांना मिळतं.

पैसे वाचले का? नाही. सोसायटीला मीटर एकच, बिल सगळ्यांत वाटून. फायदा एवढाच की गेल्या उन्हाळ्यात साडेसातला कोरडे पडणारे नळ यंदा बहुतेक दिवस रात्री दहापर्यंत चालले. त्यात आमच्या एका घराचा वाटा किती, कोण जाणे. खालच्या काकूंसह अजून पाच घरांनी जाळ्या लावल्या, तेव्हा फरक दिसला.

आता व्हॉल्व्ह. ऑक्टोबरमध्ये रात्री साडेअकराला फ्लशच्या टाकीला जाणारा वेणीचा (वरून तारेची जाळी असलेला लवचिक) पाइप फुटला. नवऱ्याने पोटमाळ्यावर चढून मुख्य व्हॉल्व्ह बंद केला, पार घट्ट. पाणी चालूच. आमच्या इमारतीत फ्लशची लाइन वेगळी, हे चौदा वर्षांत आम्हाला ठाऊक नव्हतं. तिचा गेट व्हॉल्व्ह डक्टमध्ये (इमारतीचे पाइप जातात त्या उभ्या पोकळीत), खिडकीतून हात घातला तर पोचणारा. त्याने चाक फिरवलं आणि गंजलेलं चाकच हातात आलं. वॉचमनला गच्चीवर पाठवलं. तिथे सारखे दिसणारे आठ व्हॉल्व्ह, एकावरही नाव नाही. त्याने आठही बंद केले. तोवर खालच्यांच्या छतावर नकाशा उमटला होता, आणि सकाळी अख्ख्या इमारतीला पाणी का नाही, यावर वेगळी सभा झाली.

नंतर दोन्ही लाइनींना बाथरूमबाहेर खांद्याच्या उंचीवर बॉल व्हॉल्व्ह बसवून घेतले. मजुरीसकट सगळे मिळून 2,600 रुपये. मुख्य लाइनीची दांडी लाल, फ्लशची निळी. दांडी पाइपाच्या रेषेत असली की चालू, आडवी केली की बंद. पाव वळणात काम. गेट व्हॉल्व्हला पाच-सहा वेढे द्यावे लागतात आणि वर्षानुवर्षं हात लावला नाही की तो जाम होतो. बॉल व्हॉल्व्हही विसरलात तर कडक होतो, म्हणून दर महिन्याच्या एक तारखेला मी दोन्ही एकदा बंद-चालू करते. गच्चीवरच्या आठांवर सोसायटीने ऑइल पेंटने विंगा लिहून घेतल्या.

बाजूला एका डब्यात टेफ्लॉन टेप, दोन वॉशर, एक जादा वेणीचा पाइप, पाना आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी. एम-सील पण आहे, पण ओल्या पाइपावर ते नीट धरत नाही. सकाळपर्यंत निभवायचं तर ताणून गुंडाळलेली ट्यूब आणि वर तार. पिण्यासाठी 20 लिटरचे दोन झाकणबंद कॅन भरलेले असतात, दर रविवारी रिकामे करून कोरडे करते. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो, त्यामुळे उघडं पिंप ठेवून आणीबाणीची तयारी केली, असं समजू नका. रस्त्यावरची लाइन फुटली किंवा गढूळ पाणी आलं तर 1916 ला फोन. आमचा दोनदा लागला.

मागच्या महिन्यात जेट स्प्रेचा पाइप फुटला. घरात सासूबाई एकट्या. मी ऑफिसातून आले तेव्हा बाथरूम पुसलेलं, दोन्ही दांड्या आडव्या. म्हटलं, आई, फक्त लाल बंद करायची होती. त्या म्हणाल्या, "तू बारीक अक्षरात लिहून ठेवलंयस, माझा चष्मा हॉलमध्ये होता. म्हटलं दोन्ही करू, आणि चहाचं पाणी कॅनमधून घेतलं." त्याच संध्याकाळी मार्करने बोटभर उंचीची अक्षरं लिहिली.