एसक्यूएलअल्केमीतलं वन-टू-मेनी: आठ महिन्यांनंतर

गेल्या महिन्यात दुबार नोंद समजून मी एका शिक्षिकाबाईंचं खातं डिलीट केलं. त्यांनी वर्गासाठी नेलेली अकरा पुस्तकं बाहेर होती. त्या अकराही नोंदींत सभासदाच्या जागी नल, म्हणजे रिकामं! सह्यांची वही घेऊन दोन दुपारी बसले, तेव्हा कुठे त्या जुळल्या.

प्रोग्राम आमच्या वाचनालयाचा, पायथनमध्ये मीच केलेला. पायथनचे क्लास डेटाबेसच्या टेबलांशी जोडायला त्यात एसक्यूएलअल्केमी. एक सभासद, त्याच्या अनेक देवघेवी, हेच वन-टू-मेनी. फॉरेन की (कोणता सभासद ते सांगणारा कॉलम) देवघेवीकडे, क्लास एकमेकांना जोडणारे रिलेशनशिप आणि बॅक-पॉप्युलेट्स दोन्ही क्लासमध्ये. हे सगळ्यांना येतं. मला बोलायचंय ते कॅस्केडबद्दल, म्हणजे सभासदावर केलेली क्रिया त्याच्या देवघेवींवर कशी उतरते ते ठरवणाऱ्या सेटिंगबद्दल.

कॅस्केड लिहिलं नाही तर पॅरेंट (इथे सभासद) डिलीट करताना चाइल्डच्या (देवघेवींच्या) ओळी राहतात, फक्त त्यांची फॉरेन की नल होते. मी संतापून ‘ऑल, डिलीट-ऑर्फन’ (सभासदापासून सुटलेली देवघेव पुसून टाक) टाकलं, ते तर आणखी महागात पडलं. पुस्तक परत आलं की मी ती देवघेव सभासदाच्या लिस्टमधून रिमूव्ह करायचे. आधी निदान ओळ उरायची, आता ओळच पुसली जायला लागली. आदल्या रात्रीचा बॅकअप होता म्हणून निभावलं.

इथे माझं मत बदललं. डिफॉल्ट सावध आहे, तो परस्पर कुठलीही ओळ पुसत नाही. चूक माझ्या कॉलमची होती, त्याला नल चालत होता. 2023 साली आलेल्या एसक्यूएलअल्केमी 2.0 मध्ये कॉलम लिहिताना ‘मॅप्ड’च्या कंसात नुसतं ‘इंट’ (पूर्णांक) लिहिलं की कॉलम नॉट नल होतो, म्हणजे रिकामा चालत नाही. जुन्या ‘कॉलम’ पद्धतीत ते आपण सांगावं लागतं, आणि मी जुनाच नमुना उचलला होता. कॉलम नॉट नल करायला, डेटाबेस एसक्यूलाइट असल्यामुळे, टेबल नव्याने बांधावं लागलं, त्याआधी नल पडलेल्या ओळी वहीवरून भरल्या. कॅस्केड काढून टाकलं. पुस्तक परत आलं की लिस्टला हात लावत नाही, परतीची तारीख भरते.

वेगाची तक्रारही होती. 612 सभासदांची यादी उघडायला फार वेळ लागायचा. डेटाबेसला जाणारी प्रत्येक क्वेरी (मागणी) दाखवणारं ‘इको’ चालू केलं तर 613 क्वेरी, एक यादीची आणि प्रत्येक सभासदामागे एक! ‘सिलेक्ट-इन-लोड’ लावल्यावर तीनच उरल्या, कारण ते एका वेळी 500 सभासदांच्या की (आयडी) घेऊन चाइल्ड आणतं. हे मला पहिल्या आठवड्यातच कळायला हवं होतं.

पैसे एक रुपयाही लागले नाहीत, आणि हेच पुढे वापरणार आहे. काल टेस्टच्या कॉपीवर बाईंचं खातं मुद्दाम डिलीट करून पाहिलं. इंटिग्रिटी एरर आला, म्हणजे डेटाबेसने नल नाकारला, रोलबॅक करून बदल मागे घेतला, अकराच्या अकरा नोंदी बाईंच्या नावावर होत्या.