टेक्स्चर फाइलीच्या पोटात की शेजारच्या फोल्डरमध्ये?

खुर्ची-कपाटाचं थ्रीडी मॉडेल दुसऱ्याला पाठवायचं असेल, तर मी डोळे झाकून जीएलबी हा फाइल-प्रकार निवडतो. आकार, मटेरियल, टेक्स्चर (पृष्ठभागावर चढवायची प्रतिमा) सगळं एकाच फाइलीत; वाटेत काही हरवत नाही. ओबीजे या दुसऱ्या फाइल-प्रकारात टेक्स्चरचा पत्ता सोबतच्या एमटीएल या मटेरियलच्या फाइलीत असतो. तिथे ‘सी’ ड्राइव्हपासूनचा पूर्ण पत्ता लिहिला गेला, की दुसऱ्या संगणकावर टेक्स्चर न सापडल्यामुळे सागवानी टेबल ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये भडक गुलाबी दिसू शकतं.

काम चालू असताना मात्र सुटं फोल्डरच बरं. सोफ्याचं कापड बदलायचंय? त्याच नावाची नवी प्रतिमा ठेवा, रीलोड करा, झालं. शिवाय लाकडाची एकच प्रतिमा दहा मॉडेल्सना पुरते. दहा जीएलबींत ती दहादा साठते. (४०९६ × ४०९६ पिक्सेलची प्रतिमा कुठेही ठेवा, कॉम्प्रेस न करता उघडली की मेमरीत सुमारे ६४ एमबी खातेच.)