जुलाब थांबवणारी गोळी: लोपेरामाइड, डायफिनॉक्सिलेट की रेसेकॅडोट्रिल?

शौचात रक्त पडत असेल, ताप चढला असेल किंवा पोट फुगून दुखत असेल, तर या तिघांपैकी काहीही स्वतःच्या मनाने घेऊ नका. अशा वेळी आतड्याची हालचाल मंदावली तर जंतू आणि त्यांचं विष आतच कोंडून राहतं. अँटिबायोटिकनंतर जुलाब सुरू झाले असतील तरी आधी डॉक्टरांना विचारा.

लोपेरामाइड आणि डायफिनॉक्सिलेट दोन्ही अफूच्या कुळातली, दोन्ही आतड्याची हालचाल संथ करतात. फरक मेंदूपाशी पडतो. नेहमीच्या मात्रेत लोपेरामाइड मेंदूत जवळपास शिरतच नाही, त्यामुळे गुंगी क्वचित येते. प्रौढांना सुरुवातीला ४ मिलिग्रॅम, पुढे प्रत्येक पातळ शौचानंतर २ मिलिग्रॅम. डॉक्टरांच्या देखरेखीखालीसुद्धा दिवसाला १६ मिलिग्रॅमच्या वर नाही. ही मर्यादा मनावर घ्या. फार मोठ्या मात्रेने हृदयाचे ठोके जीवघेणे बिघडल्याची नोंद झाल्यावर अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१६ मध्ये तसा इशारा दिला होता.

डायफिनॉक्सिलेट मेंदूपर्यंत पोहोचतं. नशेसाठी कोणी जास्त गोळ्या घेऊ नयेत म्हणून त्यात थोडं अ‍ॅट्रोपिन मिसळलेलं असतं. त्याने तोंड कोरडं पडतं, नजर धूसर होते, लघवी अडू शकते. काचबिंदू असलेल्यांनी, झोपेची औषधं किंवा दारू घेणाऱ्यांनी यापासून लांब राहावं. घरात लहान मूल असेल तर ही गोळी कुलपातच ठेवा. मुलाने चुकून गिळली तर श्वास मंदावण्याची लक्षणं कित्येक तासांनीही दिसू शकतात, म्हणून मूल ठीक वाटलं तरी लगेच दवाखाना गाठा.

रेसेकॅडोट्रिलची वाट वेगळी. ते आतड्यात पाझरणारं पाणी कमी करतं, हालचालीला हात लावत नाही. म्हणून नंतरचं बद्धकोष्ठ कमी. मात्र रक्तदाबासाठी एनालाप्रिल, रामिप्रिल यांसारखी गोळी चालू असेल तर चेहरा, जीभ, घसा सुजण्याचा धोका वाढतो, तेव्हा डॉक्टरांना ते आवर्जून सांगा.

निवड माझ्यावर असती तर साध्या, रक्त-ताप नसलेल्या जुलाबांसाठी मी प्रौढाला लोपेरामाइडच सुचवलं असतं, तेही दोन दिवसांपुरतं. तेवढ्यात फरक पडला नाही तर गोळी बंद करून तपासणी करून घ्यावी.

यातली कोणतीही गोळी शरीरातून गेलेलं पाणी आणि क्षार परत देत नाही. ते काम ओआरएसचं, आणि ते पहिल्या जुलाबापासूनच सुरू करायचं.