आधी रंगमंच की आधी कॅमेरा?

तुम्ही नवे नट आहात, एकांकिका स्पर्धा गाजवून झाल्या आहेत. एका हातात व्यावसायिक नाटकातलं लहानसं काम आहे, दुसऱ्या हातात मालिकेचं कॉन्ट्रॅक्ट. सल्ले देणारे दोन्हीकडे ओढतात. ज्यांनी या क्षेत्रात आयुष्य काढलं, त्यांच्या वाटा शेजारी-शेजारी ठेवून पाहाव्यात, असं मला वाटतं.

सुरुवात भक्ती बर्वे आणि स्मिता पाटील यांच्यापासून करतो. दोघींनी मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचल्या. 1975 साली भक्तीताई पु. ल. देशपांड्यांचं 'ती फुलराणी' हे नाटक करत होत्या आणि त्याच वर्षी स्मिता श्याम बेनेगलांच्या 'चरणदास चोर' या चित्रपटात दिसली. पुढची जेमतेम अकरा वर्षं स्मिताला मिळाली; 1986 मध्ये वयाच्या 31 व्या वर्षी ती गेली. पण 'भूमिका', 'जैत रे जैत', 'उंबरठा' आज विशीतला कुणीही लावून पाहू शकतो. तिचं एखादं नुसतं बघणं दहा वेळा मागे नेऊन अभ्यासता येतं. भक्तीताई 2001 पर्यंत होत्या, तिच्या दुप्पट काळ काम केलं, आणि नव्या प्रेक्षकाला त्यांची ओळख बहुधा 'जाने भी दो यारो'मधल्या त्या धूर्त संपादिकेमुळे होते. फुलराणीने प्रेक्षागृह कसं मुठीत धरलं होतं, हे ज्यांनी पाहिलं त्यांच्याबरोबरच ते जाणार. जे थोडं चित्रित झालं तेवढंच उरलं. मला हे आजही टोचतं, आणि म्हणूनच 'फक्त नाटक' असं मी कुणालाही सांगणार नाही.

तरीही सुरुवात नाटकानेच करावी, असं माझं ठाम मत आहे. कारण सरळ आहे. शूटिंगमध्ये शेवटचा सीन पहिल्या दिवशी लागू शकतो. पात्राचा चढउतार तुम्हाला डोक्यात धरावा लागतो. ज्याने तिसऱ्या घंटेपासून पडदा पडेपर्यंत तेच पात्र शंभर वेळा जगून पाहिलंय, त्याला तो चढउतार अंगात भिनलेला असतो. कालच्या प्रयोगाला आलेला हशा आज का आला नाही, हे प्रेक्षक तिथल्या तिथे शिकवतात. टेकनंतर दिग्दर्शक 'ओके' म्हणतो, त्यातून एवढं शिकायला मिळत नाही.

रंगमंचावरून कॅमेऱ्यासमोर येणं, म्हणजे शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज क्लोजअपसाठी आवरणं, हेही सोपं नसतं. डॉ. श्रीराम लागू दोन्ही ताकदीने करत. कान-नाक-घशाचे सर्जन असलेल्या या माणसाने 1969 मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्याशी नव्हे तर ती ओलांडल्यावर, वैद्यकी सोडून पूर्णवेळ नाटक धरलं. लगेच 1970 मध्ये 'नटसम्राट' हे नाटक, 1972 मध्ये 'पिंजरा' हा चित्रपट. 'नटसम्राट'मधल्या अप्पासाहेब बेलवलकरांची ती मोठमोठी स्वगतं आणि 'सिंहासन' चित्रपटातल्या विश्वासरावांचं दबकं राजकारण एकाच नटाचं आहे, यावर क्षणभर विश्वास बसत नाही. नाटक शरीराकडून काय वसूल करतं तेही इथेच कळतं: प्रकृतीमुळे डॉक्टरांना बेलवलकर सोडावे लागले आणि दत्ता भट, सतीश दुभाषी यांनी ते पुढे उभे केले.

'सामना' चित्रपटात डॉक्टरांच्या समोर उभे राहिलेले निळू फुले लोकनाट्यातून आलेले. 'एक गाव बारा भानगडी'ने 1968 मध्ये त्यांना पडद्यावर नाव दिलं, आणि पडद्याने त्यांना पुढाऱ्याच्या, खलनायकाच्या साच्यात घट्ट बसवलं. कॅमेऱ्याची ही दुसरी बाजू आहे. तो तुम्हाला जपतो, पण ज्या रूपात जपतो त्याच रूपात लोक तुम्हाला पुन्हा मागतात. निळूभाऊंनी रंगमंचावर 'सखाराम बाइंडर' आणि पडद्यावर 'सिंहासन'मधला पत्रकार दिगू केला, म्हणून साच्यापलीकडचा नट आपल्याला दिसला. मालिकेत हा धोका जास्त, कारण तेच पात्र रोज घरात येतं.

फक्त नाटकावर घर चालतं का? प्रशांत दामले यांनी नोव्हेंबर 2022 मध्ये 12,500 वा प्रयोग केला. चालतं, पण त्यांचा गळा आणि निर्माता म्हणून असलेली शिस्त प्रत्येकाकडे नसते. नाटकात पैसे नाईटवर, म्हणजे प्रयोगागणिक. प्रयोग नाही तर पैसे नाहीत. मालिकेत दिवसावर, पण ते हातात पडायला बहुधा तीन महिने लागतात, हे लक्षात ठेवून घरभाड्याचा हिशेब करा. अशोक सराफ यांनी 'पांडू हवालदार'सारखा सिनेमा गाजल्यावरही बँकेतली नोकरी लगेच सोडली नव्हती. ज्यांच्याकडे नोकरी आहे, त्यांनी ती टिकवून संध्याकाळच्या तालमी कराव्यात.

तेव्हा घरची जबाबदारी आज लगेच अंगावर नसेल, तर पहिली तीन वर्षं नाटकाला द्या आणि त्याच काळात कॅमेऱ्यासमोरचं एखादं छोटं पण वेगळं काम सोडू नका. घर तुमच्यावरच असेल तर मालिका घ्या, त्यात कमीपणा अजिबात नाही. मात्र सही करण्यापूर्वी शनिवार-रविवारच्या प्रयोगांच्या तारखा तुमच्यासाठी मोकळ्या ठेवल्या जातील, हे कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहून घ्या. तोंडी 'बघू, अॅडजस्ट करू' यावर थांबू नका. शूटिंग मागे पडलं की पहिली जाते ती नाटकाची तारीख, आणि दोन-तीनदा तसं झालं की तुमची भूमिका दुसऱ्याकडे गेलेली असते.