कोल्हापूर, शाहूपुरीतल्या वकील मॅडम (हॉस्पिटलच्या निष्काळजीपणाच्या केसेस) – 4 स्टार, एक स्टार जिन्यापायी कापला

हॉस्पिटलविरुद्ध केस करायची म्हणून वकील शोधत असाल तर आधीच सांगतो, या मॅडम पहिल्या भेटीत तुमची अर्धी तक्रार खोडून टाकतात. रागात गेला असाल तर आणि राग येईल. आमच्या घरच्यांना आलेला, आई तर म्हणाली ही बाई डॉक्टरच्या बाजूची हाय. पण मला विचाराल तर फी त्या खोडण्याचीच आहे.

केस थोडक्यात अशी. धाकटा भाऊ हुपरीत चांदीच्या कामाला, पैंजणाच्या कड्या जोडायचं बारीक काम, सगळी रोजीरोटी बोटांवर. गाडीवरनं पडला आणि उजव्या हाताची कोपराखालची दोन्ही हाडं मोडली. एका हॉस्पिटलात (नाव लिहिणार नाही, केस चालू हाय) हाड बसवून प्लास्टर घातलं आणि सूज आहे म्हणून रात्रभर ठेवून घेतलं. रात्री अकरापासनं हा ओरडतोय की प्लास्टर आवळतंय, बोटांना मुंग्या आल्यात, आणि सिस्टर म्हणतात "प्लास्टर हाय, दुखणारच की". मी दोनदा काउंटरवर जाऊन सांगितलं, मग कुणालातरी फोन झाला आणि दुखायचं इंजेक्शन दिलं, बास. सकाळी मोठे डॉक्टर राऊंडला येईपर्यंत बोटं गार आणि पांढरीफटक. मग पळापळ, प्लास्टर कापलं, दुसरीकडं पाठवलं, तिथं हात चिरून आतलं प्रेशर मोकळं केलं. हात वाचला. बोटं मात्र आखडून वाकडी झाली ती तशीच राहिली, कप धरता येतो पण कडी धरता येत नाही.

याला कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात हे आम्हाला मॅडमच्या ऑफिसात नीट कळलं. आत सूज वाढते, प्लास्टर काय ढिलं होत नाही, मग स्नायूंचा रक्तपुरवठाच तुटतो आणि सहा-आठ तासांत जे मरतं ते परत येत नाही. नाडी लागते म्हणून सगळं ठीक आहे असंही नसतंय, पेशंटचं बोट हळूच सरळ करून बघायचं, जीव जाईल एवढं दुखलं तर प्लास्टर आतल्या कापसासकट फाडून मोकळं करायचं, असं हाडांच्या डॉक्टरांना शिकवलेलंच असतं म्हणे.

आता खोडण्याचं. आम्ही लिस्ट करून नेलेली: बिल जास्त लावलं, रिसेप्शनवरची मुलगी उद्धट बोलली, हाड नीट बसवलं नाही, रूमचा एसी बंद होता, रात्री कुणी बघितलं नाही. मॅडमनी एक्सरे खिडकीला धरून बघितले, आम्ही यायच्या आधीच एका हाडाच्या डॉक्टरला दाखवलेले, आणि म्हणाल्या, "हाड एकदम बरोबर बसलंय, त्यात हात घालू नका. बिल, एसी, रिसेप्शन सगळं बाजूला ठेवा. तुमची केस फक्त त्या रात्रीची आहे." निकाल वाईट लागला म्हणजे निष्काळजीपणा झाला असं कोर्ट मानत नाही, त्याच शिक्षणाच्या साध्या बऱ्या डॉक्टरनं जेवढी काळजी घेतली असती तेवढी तरी घेतली का एवढंच बघतात. यावर त्यांनी पालशेतची केस सांगितली, रत्नागिरी जिल्ह्यातलं पालशेत. 1953 ला तिथं एका तरुण पोराचं मांडीचं हाड मोडलं, पुण्याच्या हॉस्पिटलात नेला, भूल न देता जोर लावून हाड बसवलं, पोरगा गेला. बाप सुप्रीम कोर्टापर्यंत लढला आणि 1968 ला जिंकला. केस घ्यायची का, उपचार कुठला द्यायचा आणि तो कसा द्यायचा, तिन्हीत काळजी घेणं डॉक्टरवर बंधनकारक आहे हे त्या निकालात आहे आणि अजून तेच चालतंय.

मग कागद. हॉस्पिटल म्हणत होतं डिस्चार्ज कार्ड दिलंय की, अजून काय पाहिजे. मॅडमनी अर्ध्या पानाचा अर्ज करून दिला, इंडोअर केस पेपर (ॲडमिट असतानाचे कागद), नर्सिंग चार्ट, ड्रग चार्ट, कन्सेंट, सगळं नाव घेऊन मागितलेलं. मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांप्रमाणं मागितल्यापासनं 72 तासांत रेकॉर्ड द्यायला लागतंय आणि ॲडमिट पेशंटचं रेकॉर्ड तीन वर्षं सांभाळायला लागतंय, हेही त्यात टाकलं. काउंटरवर पोच द्यायला तयार नव्हते म्हणून तोच अर्ज स्पीड पोस्टनं आणि ईमेलनं. फाईल आली.

आणि फाईलमध्ये काय असावं? नर्सिंग चार्टवर रात्री बारा, दोन, चार, सहा अशा नोंदी, चारही एकाच पेनानं, एका दमात लिहिल्यासारख्या, "पेशंट झोपलेला, तक्रार नाही". आणि मागच्या पानावर ड्रग चार्टमध्ये अडीच वाजता दुखण्याचं इंजेक्शन. मॅडमनी दोन्ही पानं शेजारी ठेवली, फूटपट्टी लावली आणि आईला विचारलं, "काकू, झोपलेल्या माणसाला दुखायचं इंजेक्शन कशाला लागतंय?" त्या दिवसापासनं आईचं मत बदललं.

पोलीस केसचा विषय आमच्या पाव्हण्यांनी लई लावून धरलेला. शिवाय गावाकडनं पोरं दोन गाड्या भरून काचा फोडायला यायला तयार होती, त्यावर मॅडम कडक बोलल्या: महाराष्ट्रात 2010 चा कायदा आहे, दवाखान्यात तोडफोड मारहाण केली तर तीन वर्षांपर्यंत जेल आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई, तुमची चांगली केस तिथंच मेली. फौजदारीसाठी ढोबळ, अक्षम्य निष्काळजीपणा दाखवायला लागतोय आणि पोलिसांनीपण आधी दुसऱ्या डॉक्टरचं, शक्यतो सरकारी, मत घ्यायचं असतंय, असं सुप्रीम कोर्टानं 2005 ला सांगून ठेवलंय. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडं वेगळी तक्रार करता येते, तिथं लायसन्सवर कारवाई होऊ शकते पण पेशंटला पैसे मिळत नाहीत. भरपाई पाहिजे तर ग्राहक आयोग.

ग्राहक आयोगाचं बऱ्याच जणांना माहीत नसतं म्हणून लिहितो. घटनेपासनं दोन वर्षांत तक्रार टाकायची, उशीर झाला तर सबळ कारण द्यायला लागतंय. जिल्हा आयोगात जायचं का वर, हे तुम्ही भरपाई किती मागता त्यावर नाही तर हॉस्पिटलला किती दिले त्यावर ठरतं, 50 लाखांपर्यंत जिल्ह्यातच. दिलेली रक्कम 5 लाखांच्या आत असेल तर आयोगाची फी शून्य, आमची शून्यच लागली. हॉस्पिटल मुंबई-पुण्याचं असलं तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात केस टाकता येते, 2019 च्या कायद्यातली ही सोय भारी आहे.

मॅडमच्या ऑफिसात बाकावर शेजारी कागलचे एक मामा बसलेले, त्यांचं ऑपरेशन सरकारी योजनेत फुकट झालेलं, त्यांना वाटत होतं आपल्याला हक्कच नाही. तसं नाही. जिथं बाकीचे पेशंट पैसे भरतात तिथं फुकटवालासुद्धा ग्राहकच, 1995 चा निकाल आहे. सगळ्यांनाच सगळं मोफत असलेला दवाखाना मात्र यात येत नाही, तिथं दिवाणी कोर्ट. औरंगाबादच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये 1963 ला एका बाईच्या पोटात टॉवेल राहिला, ती गेली, निकाल सुप्रीम कोर्टातनं 1996 ला लागला. म्हणजे वेळेचा अंदाज घ्या.

फीचं बोलू. मॅडमची फी कमी नाही, टप्प्याटप्प्यानं घेतात, प्रत्येकाची पावती मिळते. तज्ज्ञ डॉक्टरच्या मताचा खर्च वेगळा, तो डॉक्टर पुण्याचा घेतला कारण इथले एकमेकांविरुद्ध लिहून देत नाहीत (बोलताना सगळे बोलतात, सही मागितली की ओपीडीत गर्दी असते). त्याआधी दुसरीकडं एकानं "एक रुपया देऊ नका, मिळेल त्यातले 30 टक्के माझे" अशी ऑफर दिलेली. निकालावर टक्केवारी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांत वकिलांना बंदी आहे, तेव्हा असं कोण म्हणालं की उठून यायचं.

आता एक स्टार का कापला. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, जिना उभा आणि अंधारा. येणारी निम्मी माणसं कुबड्या घेऊन नाहीतर ऑपरेशन होऊन आलेली, त्यांनी चढायचं कसं? सांगितलं तर म्हणतात खाली ज्युनियरला पाठवते, पण ज्युनियरला फाईलमधलं काय माहीत नसतं. दुसरं, मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच (म्हणजे हायकोर्टाच्या केसेस इथंच चालतात) कोल्हापुरात 18 ऑगस्ट 2025 पासनं सुरू झालं, कोल्हापूरकरांनी त्यासाठी किती वर्षं आंदोलन केलं त्यामुळं आनंद आहेच, पण तेव्हापासनं मॅडम कायम सीपीआर हॉस्पिटलसमोरच्या त्या कोर्टात आणि फोन लागायचा वांदा. मेसेज टाका, रात्री दहानंतर उत्तर येतं.

केस अजून चालू आहे. कायद्यात लिहिलंय तीन महिन्यांत निकाल, ते सोडा. हॉस्पिटलचं म्हणणं 45 दिवसांच्या आत दाखल झालं कारण त्याच्यापुढं आयोगाला मुदत वाढवताच येत नाही, त्यात लिहिलंय पेशंटनं हात उंच ठेवला नाही. डॉक्टरची विमा कंपनीपण पार्टी झालीय. सध्या पुराव्याची ॲफिडेव्हिट चाललीत, भावाच्या कमाईचा कागद म्हणून चांदीवाल्या शेठची वही लावलीय कारण पगार सगळा रोख, तेवढ्यासाठी शेठला तयार करायला बाकी सगळ्या केसपेक्षा जास्त त्रास झाला.

शनिवारी दुपारनंतर ऑफिस बंद असतं. जाताना डिस्चार्ज कार्ड एकटं नेऊ नका, ते बघून मॅडम परत पाठवतात. आणि हॉस्पिटलचं नाव विचारायला मेसेज करू नका, निकाल लागेपर्यंत सांगणार नाही.